एसक्यूएल आणि सिक्वेल

देवीदाससर नाकावर माशी बसू देणारे नव्हतेच, त्यात शेखरने भरल्या वर्गात त्यांचा उच्चार सुधारला.

संगणकात साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधून काढायची एक भाषा असते. सर अचलपूरहून अमरावतीला आले आणि ती एकट्याने पुस्तकातून शिकले. उच्चार ऐकवायला कोणी नव्हतं, म्हणून अक्षरं दिसली तशी एकेक म्हटली: एस-क्यू-एल. पुढे क्लास काढला, तिथेही तेच शिकवलं. पुण्यात नोकरी करून आलेला शेखर त्यांच्याकडे शिकवायला लागला आणि पोरांसमोर हसत म्हणाला, याला सिक्वेल म्हणतात, सर. पोरंही हसली. थोड्याच दिवसांत शेखरने प्लायवूडच्या भिंतीपलीकडे स्वतःचा क्लास थाटला आणि दारावर पाटी लावली, ‘सिक्वेल शिका’.

झालं, दोघांत विस्तव जाईना. कुणी पाटीबद्दल विचारलं की सर तोंड वाकडं करून म्हणत, ‘‘ते येगळं हाय. आपल्या कामाचं नाही.’’ हे खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि बोलताना बरंही वाटायचं.

करिश्मा त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, भातकुलीच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली. सरांचा शब्द तिला प्रमाण. अकोल्याच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं, तेव्हा सरांनी भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं की नोकरी एसक्यूएलवालीच आणणार.

ती परतली ती दारातच उभी राहिली. साहेबांनी पहिलंच विचारलं होतं, सिक्वेल येतं का. तिने खरं ते सांगितलं, नाही. त्यांनी लगेच पुढच्याला बोलावलं. आता शेखरसरांकडे नाव घालते, एवढंच सांगायला ती आली होती.

शेखरकडे! सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘तितं जायची गरज नाही तुले,’’ ते म्हणाले. ‘‘सिक्वेल येते तुले. ते अन् एसक्यूएल एकच हाय.’’

पलीकडचं शिकवणं थांबलं. शेखर ऐकत होता.

करिश्माने विचारलं, ‘‘एकच हाय, मंग येगळं हाय म्हून कावून सांगितलं?’’

सरांनी भिंतीवर मूठ आपटली आणि शेखरच्या नावाने शिव्या दिल्या, त्याच्या पाटीपायीच पोरीचं नुकसान झालं म्हणून.

‘‘त्याईले कायले बोलता?’’ ती म्हणाली. ‘‘मले तं तुमी सांगितलं होतं.’’

आणि शेखरच्या दाराशीही न थांबता ती जिना उतरून गेली.