सुलभावहिनीचे डाउट

"आत्या, मम्मी नहीं रही," पियू फोनवर म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कोणी सांगितलं?" दुसऱ्या कुठल्या घरात आईच्या मृत्यूची बातमी देणाऱ्या मुलीला असं विचारलं असतं तर तिने फोन आपटला असता. पियू आमच्याच घरातली. ती शांतपणे म्हणाली, "किसी ने नहीं बताया. मैंने खुद देखा. फिर डॉक्टर ने देखा. फिर मैंने दोबारा देखा." मग मात्र आम्ही दोघी रडलो. माझी भावजय सुलभा गेली त्याला आता दीड-दोन महिने होतील. ऐकलेल्या गोष्टीची खातरजमा केल्याशिवाय तिच्यावर हसायचं नाही आणि रडायचंही नाही, ही शिकवण आम्हाला तिनेच दिलेली. माझा स्वभाव मुळात असा नव्हता. बँकेने माझी बदली लखनौला चिनहट शाखेत केली आणि मी जानकीपुरमला दादाच्या घरी राहायला गेले, तिथे तो मला लागला. अजून सुटलेला नाही.

वहिनी मूळची वर्ध्याची. दादा लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, म्हणून लग्न होऊन थेट लखनौत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या अदबशीर बोलण्याने हादरली. भाजीवाला "बहनजी, आप ही की दुकान है" म्हणाला की ती वजनकाट्याकडे बघायची. शेजारीण "आप तो अभी लड़की लगती हैं" म्हणाली, तर घरी येऊन मला विचारायची, "वन्सं, हिला काय हवं असेल हो?" कोणी आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय असं दिसलं की ती आधी खाली कोण उभं आहे ते बघत असे. दुधात बोट बुडवून पाही, औषधाच्या पट्टीवरची तारीख दुकानदारासमोरच मोठ्याने वाची. "इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय" हे तिचं ठरलेलं वाक्य. वैताग आणणारा भाग असा, की दहातल्या सात वेळा खरंच मुरत असायचं.

तिची आई गेली तेव्हा हा स्वभाव एकदम गंभीर झाला. वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी आईच्या छातीतलं दुखणं "गॅस आहे, काळजीचं कारण नाही" म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. वहिनीने फोनवर आईला तीन-तीनदा विचारलं होतं, की दुखणं हातात उतरतंय का. आई म्हणाली होती, अगं डॉक्टर म्हणाले ना... वहिनी दिवसकार्य करून परत आली, आणि महिन्याभराने एका रविवारी जेवताना म्हणाली, "मी मेडिकलची प्रवेशपरीक्षा देणार आहे." तेव्हा तिची पस्तिशी उलटलेली, पियू शाळेत, बी.एस्सी. होऊन चौदा-पंधरा वर्षं लोटलेली. दादाने आधी माझ्याकडे बघितलं. "हे कोणी भरवलं हिच्या डोक्यात?" मी हात वर केले. "मला कोणी काही भरवू शकतं का?" वहिनी म्हणाली. ते मात्र खरं होतं.

राज्याच्या परीक्षेला कमीतकमी वयाची अट होती, जास्तीतजास्तची नव्हती. यावरही तिचा विश्वास बसेना. अट नाही असं कसं असेल, छापायला विसरले असतील, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी काढून दाखवतील. ती परीक्षेच्या कार्यालयात गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, "मैडम, नहीं लिखा है तो नहीं है." तिने ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग कोचिंग क्लास शोधायला निघाली. मी सोबत होते. एका चौकात दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो होता. मुलगा एकच, शर्टसुद्धा तोच. वहिनी एवढी खूश झालेली मी क्वचित पाहिली. शेवटी तिने एकही फोटो न लावणाऱ्या त्रिपाठी सरांचा क्लास निवडला, "यांच्याकडे दाखवण्यासारखंच काही नाही की काय?" हा संशय मनात ठेवूनच. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं "गुड आफ्टरनून, मैम" म्हणत उभी राहिली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा त्यांची चुळबूळ झाली. आपल्यावर नजर ठेवायला कोणाची तरी आई आली आहे, असं त्यांना पुढचे पंधरा दिवस वाटत होतं.

अभ्यासाला हा स्वभाव किती कामाला येतो ते मला तेव्हा समजलं. मी संध्याकाळी प्रश्न वाचून दाखवायचे आणि ती कणीक मळता मळता उत्तर द्यायची. चार पर्यायांतला सगळ्यात सरळ दिसणारा पर्याय तिला हमखास लबाड वाटे. "हा फार गोड बोलतोय," ती म्हणायची, "याला शेवटी बघू." भौतिकशास्त्राने मात्र तिला रडवलं. पुस्तकातली उत्तरंच चुकीची आहेत असं म्हणून ती गणित पाच-पाचदा करायची, आणि पुस्तक बरोबर निघालं की त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं. दादाला विचारायची सोय नव्हती. तो आधी उसासा टाकायचा, मग तासभर व्याख्यान द्यायचा, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहायचा. म्हणून ती त्रिपाठी सरांना फोन करी. क्लासमधल्या मुलांसारखा 'डाउट' हा शब्द तिच्या तोंडी बसला होता. पियूसुद्धा हसायची, "मम्मी, आज कितने डाउट?"

त्या हिवाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली होती. एका दुपारी तिने वहिनीचं फोनवरचं बोलणं ऐकलं: "सर, मेरे चार डाउट हैं. घर में किसी से पूछ नहीं सकती. आप ही से क्लियर होंगे." आईचं इंग्रजी बेताचं, पण डाउट म्हणजे संशय एवढं तिला येत होतं. संध्याकाळी दादा बूट काढत असतानाच तिने त्याला गाठलं. "अरे, सुलभाला तुझ्यावर संशय आहे. परक्या माणसाला सांगत होती. घरात विचारायची चोरी आहे म्हणाली." दादाचा चेहरा उतरला. मला वाटलं, तो रागावला असेल. पण तो रागावला नव्हता, घाबरला होता.

जेवायला बसलो. वहिनी भात वाढत होती. दादाने घसा साफ केला आणि म्हणाला, "सुलभा, तुला कळलंच आहे, तर आता लपवत नाही. मी हैदराबादच्या बदलीसाठी अर्ज दिलाय. बहुतेक होईल." पियू घास हातात धरून एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. हैदराबाद म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. राज्याच्या जागांसाठी इथला रहिवास लागे. लखनौ सुटलं की परीक्षाच सुटली. वहिनीने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "मला काहीच कळलं नव्हतं," ती म्हणाली. "मला पेशींच्या श्वसनातला डाउट होता."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. दादा काहीतरी सांगू लागला. तिकडे बढती होती, पियूला शाळा चांगली होती, योग्य वेळ बघून बोलणारच होतो... वहिनीने त्याला पूर्ण बोलू दिलं, आणि मग म्हणाली, "आतापर्यंत फक्त डाउट होते. आता संशय आहे." नंतर मी आईला समजावून सांगितलं, की डाउट म्हणजे शंका, अभ्यासातली. "शंका विचारायची असते आणि संशय घ्यायचा असतो," आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या फरकाला एकच शब्द वापरतात म्हणजे कमालच आहे."

दादाने अर्ज मागे घेतला. खरंच घेतला, हे वहिनीने त्याच्या साहेबांच्या बायकोला आडून विचारून ताडून पाहिलं. वरकरणी सगळं पूर्ववत झालं, पण दादाच्या 'हो'ला त्या घरात पूर्वीचा भाव राहिला नाही. त्याने "अभ्यास कसा चाललाय?" विचारलं, तरी ती क्षणभर थांबून त्याच्याकडे बघायची. तो चहा करून आणायचा आणि ती आधी त्याचा चेहरा वाचायची. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकत होती. मला तेव्हा दादाचा राग होता आणि दयाही येत होती. त्याने घोडचूक केली होती हे खरंच, पण त्यानंतरचे त्याचे खरे शब्दही खोट्यांच्या रांगेत उभे राहत होते.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारावर रखवालदाराने तिला अडवलं, "गार्जियन उधर, पेड़ के नीचे." आत पर्यवेक्षकांनी तिचं प्रवेशपत्र उजेडात धरलं, फोटो पाहिला, तिला पाहिलं, सही दोनदा करायला लावली. दुसऱ्याच्या नावावर परीक्षा देणारे त्या काळात पकडले जात होते, त्यामुळे त्यांची शंका रास्त होती. मी बाहेर संतापले होते. वहिनी बाहेर आली ती त्यांचं कौतुक करतच. "माणूस नीट तपासत होता हो," म्हणाली. "डॉक्टरांनी असं तपासायला हवं." त्या वर्षी तिला जागा मिळाली नाही. आपलेच गुण चुकीचे मोजलेत याची तिला खात्री होती. तिने अर्ज केला, फेरतपासणी झाली, गुण बरोबरच निघाले. दुसऱ्या वर्षीही हुकलं. तिसऱ्या वर्षी लागली. पूर्वेकडच्या एका शहरातलं सरकारी कॉलेज, वसतिगृहात राहून पाच-सहा वर्षं.

तिने ते घरात सांगितलं, आणि दादा लगेच म्हणाला, "जा तू. आम्ही दोघं भावंडं पियूला बघतो." वहिनीचा चेहरा पडला. रात्रंदिवस झगडून मिळवलेली जागा हातात, आणि ती मला स्वयंपाकघरात ओढून विचारते, "वन्सं, इतक्या सहज हो कसे म्हणाले? यात काय आहे?" मी म्हटलं, यात काही नाही, तो तुझ्यासाठी खूश आहे. तिला पटेना. शेवटी दादाच दारात आला. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," तो म्हणाला. "जाऊन बघ. दर शनिवारी न सांगता घरी ये आणि बघ." ती गेली. आणि सुरुवातीला खरंच न सांगता यायची. कुकर लावलेला, पियूची वेणी घातलेली, दादा बाईला कपड्यांचा हिशेब देतोय, असं सगळं बघून परत जायची. मग हळूहळू सांगून येऊ लागली.

डॉक्टर झाल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना थाटला. बायका लांबून यायच्या, कारण ही बाई "कुछ नहीं है" असं कधी म्हणत नसे. छातीत जळजळतंय म्हणून आलेल्या म्हातारीला ती पाऊण तास बसवून ठेवी आणि घरच्यांना दम देई. पुष्कळदा ती जळजळच निघे. "निघाली तर निघाली," म्हणायची, "घरी चालत जातेय ना." स्वतःचा आजारही तिनेच पकडला. सकाळच्या उजेडात आरशात डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला आणि दादाला म्हणाली, "अहो, ही साधी कावीळ नाही." तपासण्या झाल्या. एरवी तिने प्रत्येक कागद हिसकावून घेतला असता. शेवटच्या तपासणीनंतर मात्र डॉक्टरांकडे दादा एकटाच आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, "औषधाने वर्षभर तरी निघेल म्हणतात." वहिनी म्हणाली, "बरं." फाइल मागितली नाही. डॉक्टरांना फोन केला नाही. पुढे तीन आठवडेसुद्धा निघाले नाहीत.

गेल्या महिन्यात मी लखनौला गेले होते. दादा दवाखान्याच्या खोलीत, पेशंटच्या स्टुलावर बसलेला असतो. तिच्या खुर्चीवर बसत नाही. मी शेजारी उभी राहिले तेव्हा त्याने विचारलं, "मी तिला वर्ष सांगितलं. डॉक्टर दिवस म्हणाले होते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असेल ना गं?" मला त्याच्या तोंडावर काही बोलवेना. मी पाणी आणते म्हणून आत गेले, आणि दोन दिवसांनी नागपूरला माझ्या घरी परत आले. वर्तमानपत्राची ही पुरवणी तो शेवटच्या पानापर्यंत वाचतो. म्हणून इथे लिहिते.

दादा, त्याच संध्याकाळी तिने मला फोन केला होता. आवाज अगदी बारीक होता. म्हणाली, "वन्सं, तुमचे दादा आज माझ्याशी खोटं बोलले. हैदराबादनंतर पहिल्यांदाच." मी विचारलं, मग तू काही बोलली का नाहीस? तर म्हणाली, "इतकी वर्षं त्यांचा प्रत्येक शब्द उलटा करून पाहिला मी. हा एक आहे तसाच राहू दे. त्यांनी माझ्यासाठी म्हणून सांगितलाय, कळतं मला." तेव्हा तिने तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तिने तुला तपासलं नाही. तुझं मन राखायला मी यात पदरचं काही घातलंय असा संशय आला, तर पियूला विचार. फोन आईच्या कानाशी तिनेच धरला होता.