पलटणीतला पंडितजी

पळस्पे फाट्यावर बाबांनी मला गाडीत बसवलं, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला सुक्या बोंबलाचा वास येत होता. माझ्या ट्रंकेत धोतरं, पोथ्या आणि संस्कृतची पदवी. कोळ्याचा पोरगा फौजेत धर्मगुरू म्हणून चालला होता. आमच्या करंजा गावात हसावं की रडावं, कुणालाच कळेना. बाबा एवढंच म्हणाले, "बंदूक नाय ना तुझ्या हातान? मग आमी निवांत हाय."

निवांत कसले! वर्षभरात आमची पलटण सीमेवर गेली आणि तोफगोळे पडायला लागले. पहिल्याच आठवड्यात विलास नावाचा जवान गेला. त्याचा जिवाभावाचा मित्र, साताऱ्याकडचा नामदेव, बंकरच्या तोंडाशी बसून होता. मी जवळ जाऊन आत्मा कसा अमर असतो ते त्याला श्लोकासकट समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पंडितजी, आत्म्याचं राहू द्या," तो म्हणाला. "त्याच्या आईला मी काय सांगू, ते सांगा."

ड्युटीचं निमित्त करून मी उठलो. आज कबूल करतो, पळालो.

त्याच थंडीत बाबा गेल्याचा निरोप आला. बर्फानं रस्ता बंद होता. अग्नी धाकट्या भावानं दिला. मी देवाच्या तंबूत पोथी उघडून बसलो, पण अक्षर लागेना. नामदेव आला, शेजारी बसला. त्यानं विचारलं, "वडील कसे होते?" आणि मी बोलतच सुटलो. त्यांची जाळी, त्यांच्या शिव्या, मासळीच्या लिलावात चढणारा त्यांचा आवाज. चहा गार झाला तरी नामदेव हलला नाही.

बर्फ वितळून फोनची लाइन सुरू झाल्यावर आम्ही दोघांनी विलासच्या आईला फोन लावला. मी एकही श्लोक म्हटला नाही. त्या बोलत राहिल्या, आम्ही ऐकत राहिलो. मला वाटतं, मी धर्मगुरू झालो तो त्या दिवशी.

करंज्यातल्या माझ्या माणसांनो, तुम्ही रागावून विचारता, निवृत्त झाल्यावर गावी यायचं सोडून पनवेलजवळ रोडपालीत फ्लॅट कशाला घेतला? पलटणीतली माणसं सुट्टीवर जाता-येता पनवेलला उतरतात, म्हणून. कोणी जेवतो, कोणी मन मोकळं करतो, कोणी भर दुपारी आडवा होतो तो संध्याकाळपर्यंत. बायको टीव्हीचा आवाज बंद करते. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि बेल वाजायच्या आत दार उघडतो.