पिनांवरची सेलोटेप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. आमच्या घरातला टीव्ही गेम बाबांनी बिघडवला नव्हता. तो मी बंद पाडला होता.

तेव्हा आम्ही जामबाग मोहल्ल्यात भाड्याने राहायचो, मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होतो. बाबा एका सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर. तिथे स्वेच्छानिवृत्तीची यादी लागली आणि पन्नाशीही न गाठलेले बाबा घरी बसले. शहरात रोज नव्या गाड्या, घरोघरी नवे चॅनेल. बाबांना मात्र सकाळी डबा घेऊन जायला जागा नव्हती. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसत. काही आठवड्यांनी माझ्या गेमसमोर बसू लागले.

रणगाड्यांचा गेम होता. खाली मधोमध विटांच्या आड आपलं ठाणं, वरून शत्रूचे रणगाडे उतरायचे. आम्ही पोरं त्यांच्या अंगावर धावून जायचो. बाबा ठाण्यापासून हलायचे नाहीत. येईल त्याला तिथूनच टिपायचे, आणि एखादी वीट फुटली की "च्च" करायचे.

"बघ, आज तेरावी फेरी," मला बोलावून दाखवायचे.

मी "हं" म्हणायचो.

एक दिवस खालच्या मजल्यावरचा मित्र दारात उभा राहून हे बघत होता. जिन्यात येऊन म्हणाला, "क्या रे, तेरे बाबा कू नई नौकरी लग गई बोल के बोला नै तू!" बाबांनी ते ऐकलं का, मला आजही माहीत नाही. माझी कानशिलं तापली. राग मित्राचा यायला हवा होता. लाज बाबांची वाटली.

त्याच संध्याकाळी ते भाजी आणायला गेले असताना मी गेमच्या कॅसेटमध्ये आतल्या पिनांवर सेलोटेपची पट्टी चिकटवली. पारदर्शक, चष्मा लावूनही दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी पडदा नुसता करडा. बाबांनी कॅसेट काढली, फुंकर मारली, परत बसवली. कितीदा तरी. मी कॉटवर पुस्तक धरून बसलो होतो.

"अरे, हे असं का करतंय?"

"तुम्ही सारखं फुंकता ना. थुंकी जाऊन पिना गंजतात."

"कोटीच्या बाजारात कुणाला दाखवू या का?"

"नक्को. कॅसेट दुरुस्त होत नाही, बाबा."

त्यांनी कॅसेट शर्टाला पुसली. मग म्हणाले, "माझ्याकडून खराब झाली रे तुझी वस्तू." आणि वायर गुंडाळून सगळं खोक्यात नीट भरून ठेवलं.

आई भडकली. "पोराच्या खेळण्याला हात कशाला लावायचा?" त्यानंतर बाबा रोज अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊ लागले. सगळे पेपर वाचून संध्याकाळी यायचे. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. घरात मी आणि आई. कुणी आलं की आई अजून सांगते, "ह्यांनी फुंकून फुंकून गेम मारून टाकला!" सगळे हसतात. मीही हसतो.

मागच्या रविवारी दुपारी मी ते खोकं उघडलं. नव्या टीव्हीला ती वायर लागत नाही, म्हणून सिकंदराबादच्या एका भंगारवाल्याकडून जुना ट्यूबचा टीव्ही आणला होता. सेलोटेप पिवळी पडून कडक झाली होती. चिमट्याने सोलली, कापसावर स्पिरिट घेऊन पिना पुसल्या. बटण दाबताच तीच धून वाजली.

मी बाबांसारखा ठाण्यापाशी उभा राहून खेळलो. आठव्या फेरीत संपलो. तेरावीपर्यंत ते कसे पोचत असतील? त्यांनी बोलावलं तेव्हा नीट बघितलं असतं तर कळलं असतं.

आवाज ऐकून आई काठी टेकत आली.

"अगबाई, हे चालतंय? ह्यांनी बिघडवलं होतं ना?"

तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "दुरुस्त केलं, आई."

"तुला जमलं बघ. ह्यांच्या हाताला यश नव्हतंच कधी." माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती आत गेली.

बाबांनी काहीही बिघडवलं नव्हतं, एवढं सांगायचं मी आईला अजून देणं लागतो. तिला ऐकू येतंय तोवर ते फेडायला हवं.