कार्यक्रम पत्रिकेतली तिसरी ओळ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वाचून बहुतेक वेळा हसते. आमच्या घरात हे चालतच नव्हतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशीच गंडे, दोरे, अंगारे सगळं घराबाहेर गेलं. बाबा तर आणखी कडक. कोणी म्हणालं, "अमक्याच्या अंगात आलं," की बाबा म्हणायचे, "थर्मामीटर लावून पाहा." मी त्यांचीच मुलगी. म्हणून पुढचं वाचताना तुम्हाला शंका आली तर मला राग येणार नाही. मलाही अजून येते.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधली. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली असतील. बाबा वीज केंद्रात नोकरीला, आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहायचो. मी बी.ए. करून, टायपिंगची परीक्षा देऊन चंद्रपुरातल्या एका छोट्याशा कलासंग्रहालयात लागले होते – टायपिस्ट म्हणून, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. परकोटाच्या आत, जुन्या कौलारू इमारतीत चार दालनं, पुढं अंगण, अंगणात कडुनिंब. स्टाफ म्हणजे बोरकुटे साहेब, मी, ड्रायव्हर रहीमभाई आणि शिपाई नामदेवभाऊ. नामदेवभाऊ मूळचे धानोऱ्याकडचे, त्यांना गोंडी चांगली यायची. वयाने माझ्या काकांएवढे, पण मला "बाई"च म्हणायचे.

दर तीन महिन्यांनी आम्ही आगामी कार्यक्रमांची पत्रिका काढायचो. साहेब हाताने मजकूर लिहून द्यायचे, मी स्टेन्सिल कापायची, नामदेवभाऊ सायक्लोस्टाईलवर प्रती काढायचे, आणि मग त्या शाळा-कॉलेजांना, वाचनालयांना पोस्टाने जायच्या. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते – टाइपरायटरची रिबन बंद करून मेणाच्या कागदावर टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या आकाराची भोकं पडतात. त्यातून शाई खाली उतरते. एकदा भोक पडलं की पडलं. चुकलं तर वरून लाल औषध लावून बुजवायचं, आणि तो डाग उजेडात धरला की लगेच दिसतो.

त्या हिवाळ्याच्या पत्रिकेत चार कार्यक्रम होते. बांबूकामाचं प्रदर्शन, शाळांची चित्रकला स्पर्धा, ओतीव धातूच्या मूर्तींचं प्रदर्शन आणि मार्कंड्याच्या देवळांतल्या शिल्पांवर स्लाइड दाखवून व्याख्यान. चार. मी कापले चार, वाचून पाहिले चार. साहेबांनी स्टेन्सिलवर नजर फिरवली, "ठीक आहे" म्हणाले. प्रती निघाल्या, पाकिटात गेल्या, पोस्टात पडल्या.

आठवड्याने मुलींच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या. म्हणाल्या, "येत्या शुक्रवारच्या प्रात्यक्षिकाला आमच्या नववीच्या सगळ्या मुली आणल्या तर चालतील का?"

मी म्हटलं, "कोणतं प्रात्यक्षिक?"

त्यांनी पर्समधून आमचीच पत्रिका काढली. त्यात पाच कार्यक्रम होते. तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं –

"शुक्रवार, दुपारी ३ वाजता. लाकडी खांबावरील कोरीवकाम : प्रात्यक्षिक. कलाकार – दस्सा लेकामी, मु. कोरमेटा, ता. एटापल्ली."

मी ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं. साहेबांनीही नाही. त्यांचा हाताने लिहिलेला कागद फाइलीत होता, त्यात चारच कार्यक्रम. मग स्टेन्सिल काढलं, कारण आम्ही ते पुन्हा वापरायला जपून ठेवायचो. खिडकीत उजेडात धरलं… पाच. एक ते पाच, आकडे बरोबर, ओळींतलं अंतर बरोबर, लाल औषधाचा ठिपकासुद्धा नाही. आमच्या टाइपरायटरच्या 'क'चा डावा गोल अर्धवट उमटायचा. त्या ओळीतही तो तसाच.

नामदेवभाऊ कानाला हात लावून म्हणाले, "बाई, स्टेन्सिलवर जे व्हतं थेच मी छापलं. मले काऊन पाहून राह्यल्या?"

साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. म्हणाले, "सुजाता, तुम्ही गेले काही दिवस उशिरापर्यंत काम करत होता. थकव्यात होतं असं. शाळांना कार्यक्रम रद्द झाल्याचं पत्र टाइप करा." मग म्हणाले, "तुमची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते ना?"

मी काय ते समजले.

पत्र टाइप केलं. पाकिटं तयार केली. पण घरी गेले तरी डोकं शांत होईना. जे गावच मला माहीत नाही, ते मी थकव्यात तरी कसं टाइप करेन? बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कोणीतरी खोडी केली आहे. असा माणूस नाही, असं गाव नाही, हे सिद्ध कर. मग खोडी करणारा आपोआप सापडेल."

हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, "धातूच्या मूर्ती आणायला जीप मंगळवारी एटापल्लीला जाणारच आहे. मला जाऊ द्या. असा माणूस नाही एवढं पाहून येते, मग पत्रं टाका."

साहेब म्हणाले, "जा."

तेव्हा लक्षात घ्या – मी दस्सा लेकामीला शोधायला गेले नव्हते. तो नाही हे बघायला गेले होते.

मंगळवारी पहाटे निघालो – रहीमभाई, नामदेवभाऊ आणि मी. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत एटापल्लीला पोचायला अकरा वाजले. चौकात चहाच्या टपरीवर एक फॉरेस्ट गार्ड बसले होते. त्यांना कोरमेटा विचारलं. माझी खात्री होती की ते नाही म्हणतील. "हाय नं," ते म्हणाले. "नाल्याच्या पल्याड. पंधरा-सोळा घरं आहेत. पन थ्या गावात गाडी जात नाई. तुमची जीप गेली तं जाईन."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

रहीमभाईंनी जीप घातली. मोहाच्या झाडांतून, दोनदा उतरून दगड बाजूला सारत, दीड तास. गावाच्या अलीकडं उजव्या हाताला लाकडी खांब उभे होते, मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी पुरतात तसे. हरणं, मोर, नांगर, नाचणारी माणसं कोरलेली. एकावर तर सायकल होती. चार वर्षं कलासंग्रहालयात काढली होती, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. नामदेवभाऊ हळूच म्हणाले, "बाई, कोरनारा तं हाय इथी."

गावात शिरलो तर सगळी माणसं एका अंगणात जमलेली. मध्ये खाट. एक म्हातारा माणूस खाटेला दोन्ही बाजूंनी बांबू बांधत होता. जीप बघून तो जागच्या जागी थांबला. सगळेच थांबले.

मी खाली उतरून विचारलं, "दस्सा लेकामी कोण?"

म्हाताऱ्याने हात वर केला. हातात दोरी तशीच होती.

त्याच्या मागं झोपडीतून कण्हण्याचा आवाज येत होता. नामदेवभाऊंनी गोंडीत दोन-चार वाक्यं बोलून घेतली आणि माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. "याची पोरगी हाय, जुरी. बाळंतपनाले आली. दोन दिस झाले, सुटका होऊन नाई राह्यली. आता खाटेवर घालून एटापल्लीले नेतो म्हनते, पायी." आणि मग, "याले वाटून राह्यलं का आपन दवाखान्यातून आलो."

कोणाला काही समजावून सांगायला वेळच नव्हता. रहीमभाई आधीच जीपचं मागचं फळकट पाडत होते. मूर्तींसाठी आणलेला पेंढा आणि गोधड्या होत्या, त्या पसरल्या. जुरीला त्यावर निजवलं. ती माझ्यापेक्षा लहान असेल. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं, तिची आत्या पायाशी बसली, म्हातारा पुढं नामदेवभाऊंजवळ. रस्ताभर तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. रहीमभाई प्रत्येक खड्ड्याला "माफ कर बेटी, माफ कर" म्हणत होते. तिला हिंदी येत नव्हतं, पण कुठंतरी पोचत असावं. ते म्हणाले की ती हलकीशी मान हलवायची.

एटापल्लीच्या डॉक्टरांनी तपासलं. सलाईन लावली, सोबत एक नर्स दिली आणि म्हणाले, "बाळ आडवं आहे. इथं होणार नाही. अहेरीला न्या. कुठंही थांबू नका."

अहेरीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिला आत नेलं. आम्ही व्हरांड्यात. माझी साडी पार खराब झाली होती. मनगटावर तिच्या बोटांचे वळ. मी कधी कोणाला हात जोडले नव्हते – बुद्धवंदना म्हणताना जोडायचे तेवढेच – त्या दिवशी मात्र नुसतीच हात जोडून बसले होते. कशासमोर, ते माहीत नाही.

दिवस मावळायच्या जरा आधी नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. दोघी जिवंत होत्या. मागून डॉक्टर आल्या, घाम पुसत म्हणाल्या, "खाटेवरून पायी आणलं असतं तर वाटेतच गेली असती. वेळेवर आणलंत. कोणी निरोप दिला तुम्हाला?"

मी पर्समधून पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, उलटून पाहिली. त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

म्हातारा शेजारी उभा होता. त्याने नामदेवभाऊंना काहीतरी विचारलं. "थो म्हनते, यात माझं नाव हाय का?" मी बोट ठेवून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने त्या ओळीवरून अंगठा फिरवला, लाकडाची धार बघावी तसा. मग पुन्हा विचारलं.

"काय म्हणतात?"

"कोनं लिवलं म्हनते."

मी म्हटलं, "सांगा, माझ्या मशीनवर लिहिलं गेलं. कोणी, ते मला माहीत नाही."

नामदेवभाऊंनी सांगितलं. म्हाताऱ्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. फक्त विचारलं, शुक्रवार म्हणजे आजपासून कितवा दिवस. मी हात हलवून सांगितलं की नको, येऊ नका, पोरीजवळ राहा, कार्यक्रम रद्द आहे.

बुधवारी परतलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रद्द झाल्याच्या पत्रांची पाकिटं टेबलाच्या खणात टाकली. "मुली आल्या तर बांबूचं प्रदर्शन दाखवू," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी अडीच वाजता मुलींची रांग अंगणात बसत होती. फाटकाशी नामदेवभाऊंचा आवाज आला, "बाई! या, इकडं या लवकर!"

फाटकात दस्सा लेकामी उभा होता. खांद्यावर सागाचा ओंडका, कमरेला कुऱ्हाड, फडक्यात पटाशी. बल्लारशाला जाणाऱ्या बांबूच्या ट्रकवर बसून आला होता. नामदेवभाऊंनी विचारलं, पोरगी कशी आहे. म्हणाला, दूध पाजते आहे, आत्या सोबत आहे. मग म्हणाला, "नाव लिवलं व्हतं. म्हनून आलो." एवढं मराठी त्याने वाटेत कोणाकडून तरी शिकून घेतलं होतं.

कडुनिंबाखाली त्याने तीन वाजता काम सुरू केलं. नववीच्या मुली, एरवी वर्गात धिंगाणा घालणाऱ्या, दोन तास चिडीचूप होत्या. लाकडातून आधी चाकं निघाली. मग टप. मग पुढं टोपीवाला माणूस – रहीमभाई लाजून आत निघून गेले. मागं एक बाई, तिच्या मांडीवर दुसऱ्या बाईचं डोकं. चित्रकलेच्या बाईंनी दबकत विचारलं, हे कोणाच्या मरणाचं आहे का. नामदेवभाऊंनी त्याला विचारून सांगितलं, "नाई म्हनते. मेलेल्याचे खांब लय केले. हा जित्या मानसाचा."

मला तिथं उभं राहवलं नाही. मागच्या दालनात जाऊन पोटभर रडले.

बाबांनी स्टेन्सिल घरी मागवलं होतं. रविवारी सकाळभर भिंग घेऊन ते त्या ओळीवर बसले. अक्षर, अंतर, मेण, सगळं तपासलं. मी म्हटलं, "बाबा, काय निघालं?" ते म्हणाले, "काही नाही निघालं." जेवताना पुन्हा म्हणाले, "सुजू, मला कारण सापडलं नाही. पण तू गेलीस, हे फार चांगलं केलंस." बाबांच्या तोंडून "मला सापडलं नाही" हे मी एवढं एकदाच ऐकलं.

माझी ऑर्डर वाढली, पुढं कायम झाले, तिथूनच निवृत्त झाले. पुढच्या हिवाळ्यात आम्ही लाकडी खांबांचं प्रदर्शन भरवलं, ते मात्र रीतसर, साहेबांच्या हस्ताक्षरात लिहून. दस्सा लेकामी हयात होते तोवर दर वर्षी आले. जुरीशी माझा अजून संबंध आहे. ती आता चांगलं मराठी बोलते. मागं भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुमी कशा काय आल्या व्हत्या, हे तुमी मले कधी सांगितलंच नाई." मी म्हटलं, "मलाच माहीत नाही गं." ती हसली आणि तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

स्पष्टीकरणं बरीच ऐकली. कधी काळी एखाद्या फाइलीत ते नाव मी वाचलं असेल आणि बोटांनी आपोआप टाइप केलं असेल, असं एक प्राध्यापक म्हणाले. मी सगळ्या फाइली शोधल्या, नाव कुठंच नव्हतं. आणि समजा असतं, तरी नेमका तो आठवडा?… मी अजूनही भूत मानत नाही, देव मानत नाही. फक्त कोणाचे तरी आभार मानायचे राहून गेलेत असं वाटत राहतं. पत्ता माहीत नाही, म्हणून इथं लिहिते – तुम्ही जे कोणी असाल ते, आम्ही वेळेत पोचलो होतो. दोघी सुखरूप आहेत.