भिऊन घ्यायचा प्रसाद

पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, घ्यायच्या आदल्या दिवशी सबिनाबाई आम्हां मुलांना चर्चच्या बाकावर ओळीनं बसवत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "भेव वाटतं का?" ऐटीत 'नाही' म्हणणाऱ्याची रवानगी मागच्या बाकावर होई. "जा, बस तिथं. वाटायला लागलं की ये." माझी मात्र लगेच सुटका झाली. मला बाईंचीच इतकी धास्ती होती, की तोंडातून शब्दच फुटला नाही.

बाई मूळच्या निफाडकडच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या, लवकरच विधवा झाल्या आणि चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देऊ लागल्या. रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा संपली, की आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. हे काम करून त्या म्हाताऱ्या झाल्या, तरी वेदीपाशी जाताना त्यांचे हात कापायचे. "बाईंना अजून सवय कशी होत नाही?" असं माझी मम्मी एकदा कुणाशी तरी बोलली. ते बाईंच्या कानावर गेलं. "सवय आंघोळीची करावी," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्या वर्गात 'नवा करार' हा शब्द आला, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, आमचा घरभाड्याचा असतो तसा? अकरा महिन्यांचा?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "त्यातनं मुदत सरली की निघून जाता येतं," त्या म्हणाल्या. "ह्यात रगत असतं. मोशेनं लोकांना विचारलं, पाळाल का? लोकं हो म्हटली. मग त्यानं बैलाचं रगत अर्धं वेदीवर टाकलं, अर्धं लोकांच्या अंगावर. म्हंजे जो मोडील त्याची गत त्या बैलासारखी." मग बाईंनी आवाज खाली आणला. "मोडलं कोणी? आपण. आणि गत कुणाची झाली?" त्यांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं. त्यानंतर कित्येक रविवारी फादरांनी द्राक्षारसाचा प्याला उचलला की मी भीतीनं डोळे गच्च मिटून घ्यायचे.

ती भीती मोठेपणी कमी झाली होती. पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती परत आली. पप्पा रेल्वेत गार्ड होते. त्यांची सगळी नोकरी मनमाडला झाली. आता वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीनं पेज द्यायचो. रविवारी मोबाइलवर मिस्सा लावली, की ते तोंडाकडे हात नेऊन काहीतरी मागत राहायचे. ख्रिस्तप्रसाद मागतायत, हे आम्हांला कळत होतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, घन काही नकोच. उठवून बसवा, जिभेवर थेंबभर ओलावा द्या. ठसका लागला तर लगेच थांबा, श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल.

भाकर नाही, तर मग रक्ताचा, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं रक्त झालेल्या द्राक्षारसाचा थेंब. फादर म्हणाले, ज्याला गिळता येत नाही त्याला तसं देता येतं, आणि थेंबातही ख्रिस्त पूर्ण असतो. ते स्वतःच आले असते, पण मिस्सेनंतर त्यांना पेठकडच्या एका गावी जायचं होतं. त्यांनी घट्ट झाकणाच्या इवल्याशा बाटलीत प्याल्यातलं थोडं ओतलं आणि ती बाईंच्या हातात दिली. "फादर, भाकर पडली तर उचलता येती," त्या म्हणाल्या. "हे सांडलं तर कुठून गोळा करू?"

मी त्यांना रिक्षात घातलं. द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी होती. रिक्षा खड्ड्यात आदळली, की बाई बाटली छातीशी गच्च धरत. रिक्षावाल्यानं आरशात पाहून विचारलं, "मावशी, तेल हाय का त्यात? सीटवर सांडू नका बरं." बाईंनी बाटली पदराखाली घेतली. मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते, की माझ्या बापाला नेणार असशील तर असा नेऊ नकोस, तुझ्याच हातून नको.

घरी पप्पांना उशा लावून बसवलं. बाईंनी चमच्यात थेंबभर घेतलं. "ख्रिस्ताचं रक्त," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. यावर घेणाऱ्यानं आमेन म्हणायचं असतं. पप्पांचे ओठ नुसते हलत होते. मम्मी म्हणाली, "बाई, द्या ना." बाई म्हणाल्या, "त्यांनी हो म्हणाया पाहिजे." तेवढ्यात पप्पांनी डावा हात उचलला आणि हवेत सावकाश हलवला. मी म्हणाले, "बाई, गाडी सोडायच्या वेळी ते हिरवा झेंडा दाखवायचे, तसंच करतायत." बाईंनी त्यांच्या जिभेवर थेंब सोडला.

पप्पांना ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळे वर गेले. मम्मी किंचाळली. मी पाठ चोळत राहिले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. मग श्वास हळूहळू जागेवर आला आणि पप्पांनी डोळे मिटले. ते शांत दिसत होते. बाईंनी चमचा आणि बाटली पाण्यानं विसळली, थेंबही वाया जाऊ नये म्हणून ते पाणी पिऊन टाकलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"ग्रेसी, मला वाटलं मी जोसेफभाऊंना मारते आता," त्या म्हणाल्या.

"मग दिलंत कसं?"

"ते मागत होते ना. करारात दोघं असतात. एकानं हात पुढं केला, तर दुसऱ्यानं लय भ्यावं, पण हात मागं घेऊ नये."

पप्पा नाताळाच्या आधी गेले. तोपर्यंत बाई दर रविवारी येत राहिल्या, आणि दर रविवारी आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसायचो.

यंदा उन्हाळ्यात बाईंच्या शेजारणीचा सकाळी फोन आला, की बाईंचं काही खरं नाही, ख्रिस्तप्रसाद मागतायत. मी फादरांना गाडीवर घेऊन निघाले. पोचलो तेव्हा शेजारीण दारातच रडत होती. बाई गेल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांना शेवटचा घास नेणाऱ्या बाईला तिचा घास पोचला नव्हता. मला त्या खोलीत उभं राहवेना.

फादरांनी प्रार्थना केली. मेलेल्या माणसाला ख्रिस्तप्रसाद देता येत नाही. हातातली ख्रिस्तप्रसादाची डबी घेऊन ते माझ्याकडे वळले. "हा त्यांच्यासाठी आणला होता," ते म्हणाले. "तू घेशील?"

मला भेव वाटत होतं. मी बाईंच्या उशाशी गुडघे टेकले आणि त्यांच्या वाट्याचा घास घेतला.