शेवटचा पुडा फोडण्याआधी

बायको गेली तेव्हा थोरली अकरा वर्षांची होती आणि धाकटी सहा. आजारपण लांबलं होतं, त्यामुळे शेवट सगळ्यांना दिसत होता. पण त्यानंतर घराचं काय, याचा विचार कोणी केला नव्हता. मुलींची आत्या महिनाभर येऊन राहिली. निघताना तिनं भावाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मुलींना मी घेऊन जाते, तुझी नोकरी ही अशी, तू घर कसं चालवणार?

त्याची नोकरी म्हणजे लिफ्टची दुरुस्ती. कुठे लिफ्ट अडकली की हातातलं काम टाकून हत्यारांची पिशवी उचलायची आणि पळायचं. इमारतीत त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. गंमत अशी की त्या चार मजली इमारतीला लिफ्टच नव्हती आणि हा राहायचा सगळ्यात वर. बहिणीचं बोलणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुली इथेच राहतील, एवढंच म्हणाला.

म्हणाला खरा, पण पुढच्या काही महिन्यांत त्याच्या नाकी नऊ आले. घरात जे संपेल ते आणायचं, आणि संपलंय हे कळायचं कधी, तर डब्यात घातलेला हात तळाला लागला की. मग धावतपळत कोपऱ्यावरच्या दुकानात. तिथे सगळ्या वस्तू छोट्या पुड्यांत, आणि त्या छोट्या पुड्याच सगळ्यात महाग पडतात, हे कळायला त्याला बराच वेळ लागला. एका सकाळी टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी कापून तिघांनी बोटांनी पुसून दात घासले. धाकटीला ते भलतंच आवडलं. उद्याही असंच करू या, म्हणाली. थोरलीचा चेहरा मात्र त्याच्या लक्षात राहिला.

थोरली तेरा वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. एका संध्याकाळी तो कामावरून आला तर धाकटी बाथरूमच्या दाराशी बसलेली, आणि थोरली आत. बराच वेळ ती बाहेर यायला तयार नव्हती. त्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांना त्यानं वर बोलावलं. त्या आल्या, दाराशी उभं राहून मुलीशी हळू आवाजात बोलल्या आणि बाहेर येऊन त्याला म्हणाल्या, "माझं वय गेलं आता, माझ्याकडे काही नाही. तुम्हीच आणा जाऊन."

औषधाचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. दुकानदारानं कुठलं पॅड हवंय ते विचारलं. कुठलं म्हणजे? त्यात प्रकार असतात हेच त्याला माहीत नव्हतं. मागे दोघं-तिघं उभे होते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, तरी त्यानं सरळ सांगितलं की जेवढे प्रकार असतील तेवढे एकेक द्या.

त्या रात्री थोरली पाठ करून झोपली. मुलगी लाजली याचं त्याला काही नव्हतं. ती आत एकटी वाट बघत बसली, बापाला कामावरून यायला उशीर झाला आणि घरात लागेल ती वस्तू नव्हती, हे त्याला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याला दोन छोटे रबरी रोलर हवे होते. कंपनीच्या सुट्या भागांच्या कोठीत तो गेला. तिथे फळ्यांवर सगळं जागच्या जागी. त्यानं खोक्यातले दोन रोलर उचलले, तसं कोठी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यानं लगेच नवीन खोकं मागवायला फोन उचलला. खोक्यात अजून तीन-चार दिसत होते. लिफ्टवाल्यानं विचारलं की एवढी घाई कसली. म्हातारा म्हणाला, "शेवटचा उचलला की मग मागवलं, तर लिफ्ट बंद राहते. मग चढा जिने."

हे काही तो पहिल्यांदा ऐकत नव्हता. पण त्या दिवशी ते बोलणं थेट घरात शिरलं. लोकांच्या लिफ्टची आपण एवढी काळजी घेतो, आणि आपल्या घरात दर आठवड्याला काही ना काही बंद पडतं.

त्यानं चंग बांधला. एका हॉटेलात जादा काम मिळालं होतं, त्याचे पैसे आले ते त्यानं घरात न मिसळता वेगळे ठेवले आणि रविवारी बस पकडून मुलींना घेऊन घाऊक बाजारात गेला. तांदळाचं पोतं, डाळीची मोठी थैली, तेलाचा डबा, साबणाच्या वड्यांची लांबलचक चळत. येताना रिक्षा केली, सामान खाली उतरवलं आणि चार जिने तिघांनी मिळून वर चढवलं. त्या दिवशी त्याला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटत होती.

ती शाबासकी फार दिवस टिकली नाही. कपडे धुण्याची पावडर आणि चहापत्ती त्यानं एकाच खोक्यात ठेवली होती. महिनाभर चहाला साबणाचा वास येत राहिला आणि तिघं तो नाक मुरडत प्यायली, कारण टाकून द्यायची त्याची छाती नव्हती. तांदळात किडे झाले. सगळे तांदूळ गच्चीत पसरून निवडता निवडता धाकटी शाळेची कविता म्हणत होती आणि तो मनातल्या मनात स्वतःला चार शब्द सुनावत होता. शाम्पूच्या बाटल्या अर्ध्या किमतीत मिळाल्या म्हणून त्यानं ढीगभर उचलल्या, तर त्याला स्ट्रॉबेरीचा असा भडक वास की मुलींनी हातही लावला नाही. मग वर्षभर तो स्वतःच त्यानं डोकं धुवत राहिला. लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरला की वरून कामावरचा जोडीदार ओरडायचा, "खाली कोण आहे, आईस्क्रीम?"

पण चुकत चुकत जमत गेलं. स्वस्त मिळतंय म्हणून घ्यायचं नाही, घरात लागतंय आणि स्वस्त मिळतंय तर घ्यायचं, हे त्यानं कानाला खडा लावून ठरवलं. धान्य येईल तसं उन्हात तापवून घट्ट झाकणाच्या डब्यांत जायचं. वासाच्या वस्तू स्वयंपाकघरापासून लांब. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. आणि कुठल्याही गोष्टीचा शेवटचा पुडा फोडण्याआधी दुसरा घरात असला पाहिजे. एका जुन्या मॉलच्या लिफ्टची दारं भंगारात निघाली, तर तिचे रोलर आणि पत्रे मागून आणून त्यानं दोन्ही पलंगांखाली बसतील असे लांब खण तयार केले. भरलेले असले तरी एका बोटानं सरकायचे. धाकटीला ते इतके आवडले की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी खण उघडून दाखवायची, मग पाणी विचारायची.

मुलींच्या कपाटातला वरचा कप्पा मात्र वेगळा होता. त्यात पॅड, साबण, त्यांना आवडणारा शाम्पू, कंगवे, केसांना लावायचं तेल. तो कप्पा कधी रिकामा दिसायचा नाही, आणि त्यात काय घालायचं ते मुली ठरवायच्या. "मागायचं नाही," त्यानं थोरलीला सांगितलं, "तुमचंच आहे. घ्यायचं."

इमारतीत चर्चा व्हायची. पुरुष माणूस रविवारी बाजाराच्या पिशव्या वाहतो, याचं काही जणांना भारी नवल. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांनी जिन्यात थांबवून विचारलं की युद्धबिद्ध होणार आहे की काय. लिफ्टवाला म्हणाला की युद्धाचं माहीत नाही, पण साबण नक्की संपणार आहे. हे उत्तर दिवसभरात चारही मजल्यांवर पोचलं. हळूहळू हसणारे लोकच वर यायला लागले. कोणाकडे साखर संपलेली, कोणाकडे काडेपेटी. तो खण ओढायचा आणि द्यायचा. शिवणाऱ्या मावशींनी तर बाजाराच्या दिवशी आपलीही पिशवी त्याच्याकडे द्यायला सुरुवात केली. दर महिन्याला जे वाचायचं ते तो बँकेत टाकायचा. ते पैसे थोरलीच्या शिक्षणाचे, हे तिघांनाही ठाऊक होतं.

थोरलीला नर्स व्हायचं होतं. तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्याच सुमारास कंपनी विकली गेली. नव्या मालकानं आल्या आल्या जुने पगार अडकवले आणि एक करार पुढे केला. पगार कमी, जादा कामाचे पैसे बंद. सही करा, मग बघू, असा सगळा प्रकार. एक महिना गेला, दुसरा गेला. लिफ्टवाल्यानं घरात ताकास तूर लागू दिली नाही. जेवण रोजच्यासारखं होत होतं. भाजी, दूध आणि भाडं सोडलं तर बाहेरून काही आणावंच लागत नव्हतं.

ओळखलं ते धाकटीनं. ती आता बारा वर्षांची होती आणि खणांची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. कुठे काय ठेवलंय ते ती डोळे मिटून सांगायची. एका रविवारी तो बाजारात निघालाच नाही, तेव्हा ती त्याच्या समोर येऊन बसली.

"बाबा, तेलावर सूट होती या आठवड्यात. तू गेला नाहीस. पगार होत नाही का?"

खोटं बोलायचं त्याच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण तिच्या नजरेला नजर दिल्यावर ते जमेना. त्यानं सगळं सांगितलं. ताईला इतक्यात सांगायचं नाही, हेही सांगितलं. धाकटी उठली, दोन्ही पलंगांखालचे खण ओढले, जमिनीवर मांडी घालून बराच वेळ डबे हलवून बघत बसली. मग म्हणाली की पावसाळा संपेपर्यंत आरामात जाईल, फक्त साबण जपून वापरायचा आणि साखर आता पाहुण्यांनाच. एवढ्याशा पोरीनं एवढ्या शांतपणे सांगितलं की त्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

फीचे पैसे त्यानं हलवले नाहीत. थोरली जायच्या दिवशी नवी बॅग, नवे पांढरे बूट, सगळं जिथल्या तिथे होतं. बस सुटेपर्यंत तो हात हलवत राहिला.

दोन दिवसांनी कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर करार ठेवलेला. बहुतेकांनी सह्या केल्या होत्या. ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्यांना तो काय बोलणार? मॅनेजर त्याला म्हणाला, "घरी दोन मुली आहेत तुझ्या. जरा विचार कर."

"एक कॉलेजात गेली, एक जेवून शाळेत गेली साहेब," तो म्हणाला. "मी विचार करूनच आलोय."

बाहेर आला तर पायऱ्यांवर जोडीदार बसलेला. त्याच्याकडे तान्हं बाळ, घरात दाणा नाही. आत जाऊन सही करतो, म्हणत होता, आणि उठतही नव्हता. लिफ्टवाल्यानं त्याला तिथून सरळ घरी आणलं. पलंगाखालचे खण ओढले आणि दोन मोठ्या पिशव्या भरायला घेतल्या. तांदूळ, डाळ, तेल, साबण, हात आखडता न घेता. धाकटी शाळेतून आली, तिनं बघितलं, आणि स्वतःहून साखरेचा डबा काढून पिशवीत वर ठेवला. हे मी कधी परत करू, असं काहीसं जोडीदार पुटपुटला.

"परत काही करायचं नाही," लिफ्टवाला म्हणाला. "फक्त या आठवड्यात सही करू नकोस. आपण दोघं दुसरीकडे बघू."

दुसरीकडे बघणं सोपं नव्हतं. रोज सकाळी दोघं निघत आणि संध्याकाळी तसेच परत येत. घरात आता मोजून शिजायचं. धाकटी एकदाही कुरकुरली नाही. उलट डाळ कशी वाढवायची ते ती शिवणाऱ्या मावशींकडून शिकून आली. खणांचे तळ दिसायला लागले होते, तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलातून निरोप आला. तिथल्या लिफ्ट बाहेरच्या कंपनीवर न सोपवता स्वतःची माणसं ठेवायची त्यांनी ठरवलं होतं. दोघांनाही घेतलं, पाळ्या वेगवेगळ्या, पगार जुन्यापेक्षा चांगला. पगार किती हवा, असं तिथल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा लिफ्टवाल्यानं आपला आकडा न अडखळता सांगितला होता. घरात अजून थोडं शिल्लक होतं, पोटाची घाई नव्हती, त्यामुळे आवाज खाली गेला नाही.

थोरली सुट्टीला आली तेव्हा दुसरा पगार झाला होता आणि तिघं मिळून बाजार करून आली होती. जमिनीवर पिशव्याच पिशव्या. लावता लावता धाकटीला राहवलं नाही आणि तिनं त्या महिन्यांची सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. थोरलीचा हात थांबला. ती बापावर चिडली. मला का नाही सांगितलं, मी काय लहान आहे का?

"सांगितलं असतं, तर फी भरू दिली असतीस?"

ती नाही म्हणाली. डोळे पुसून तिनं साबणाची चळत उचलली आणि खणात ठेवायला लागली, तसं धाकटीनं तिला अडवलं. उलटं ठेवतेयस, म्हणाली, जुनं पुढे असतं. हॉस्टेलवर राहून सगळं विसरलीस. दोघींची जुंपली. कुठला साबण मुळात घ्यायलाच नको होता, इथपर्यंत वाद गेला.

लिफ्टवाला पलंगावर टेकून ऐकत होता. बायकोला हे सगळं सांगावं असं त्याला फार वाटलं. दोन्ही पोरी अशा काही ठसक्यानं भांडत होत्या की मध्ये पडायची त्याला गरज वाटली नाही. तो उठला आणि तिघांसाठी चहा टाकला.