पालथ्या पिंपावरचे पापड

आमचा डेंगीचा प्रकल्प संपून काही महिने झाले होते. शेवटच्या मूल्यमापनासाठी मी न कळवता वस्तीत शिरले. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून वाळवायची सवय आमच्यामागे टिकली असेल का?

गल्लीत दारोदारी पिंपं पालथी होती! एका पिंपावर शांतामावशी पापड वाळत घालत होत्या.

"मावशी, आज कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मंगळवारी पिंप पालथंच असतं. मग म्हटलं, पापड तरी वाळतील. तू सरक गं आधी, सावली पडतेय."

आपण लावलेल्या सवयीला आपली गरजच उरू नये, यालाच यश म्हणत असावेत. अहवालात हे कसं लिहायचं, ते मला अजून नीट कळत नाही. मी हसत बाजूला झाले आणि पापडांवर लख्ख ऊन आलं.